संतीचा आक्रोश

माउली, गोरोबाकाकांचे चरित्र आपण कीर्तनात कितीदा ऐकले आहे. काका नामात रंगून चिखल तुडवीत आहेत, रांगत आलेले तान्हे पायाखाली जाते आणि त्यांना भान नसते. त्या तल्लीनतेला आपण हात जोडतो. पुढे पांडुरंग मूल परत देतो, आपले डोळे निवतात. पण मधल्या वेळात पाणी घेऊन परतलेली संती तेथे उभी असते. तिचा आक्रोश आपण किती वेळ ऐकतो?

खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ आहे. कर्करोग झालेली मुलेही तेथे उपचाराला येतात. लहान मुलांत रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारावर उपचार साधारण २ ते अडीच वर्षे चालतात. दोन आषाढी अशाच निघून जातात. दूरगावचे आईबाप शेत आणि दुसरे लेकरू मागे ठेवून भाड्याच्या खोलीत दिवस काढतात.

अशा आईबापांना धरून ठेवते ती परिचारिका, आपली सिस्टर. औषधांनी मुलाच्या पांढऱ्या पेशी घटतात, मग तापही जिवावर बेततो. म्हणून थर्मामीटर कसा पाहायचा, ताप आला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय का गाठायचे, गर्दीत मूल का न्यायचे नाही, हे ती शिकवते. चारचारदा सांगते, कारण घाबरलेल्या माणसाच्या कानांत शब्द शिरत नाहीत.

आणि एखाद्या रात्री आई विचारते, “सिस्टर, हे माझ्या कोणत्या पापाचं फळ?” चांगली सिस्टर म्हणते, “तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, ताई. आज जेवलात का?”

आपण भेटीला गेलेले नातेवाईक मात्र सहज बोलून जातो, “भोग आहेत, भोगूनच संपवायचे.” येथे थांबून विचार करू या. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखात धीर देतो. तोच दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की निवाडा होतो. तो करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, सिस्टरला पगार मिळतो, ती कसली सेवा? माउली, गोरोबाकाकाही मडकी विकूनच प्रपंच चालवीत. मोल घेतल्याने काम भक्तीबाहेर जात नाही.

उपचार पूर्ण झाले तर यातली बहुतेक मुले बरी होऊ शकतात. आपल्याकडे मोठे संकट आहे ते उपचार मध्येच सुटण्याचे. पैसा संपतो, तशी माणसेही संपतात. म्हणून आईला सावरणे हा मुलाच्या औषधाचाच भाग आहे. पण सिस्टरची पाळी संपते, तिच्याकडे इतरही खाटा असतात. पुढचे आपले आहे.

यंदा तुमच्या दिंडीतले एखादे घर असे अडकले असेल, तर वारी का चुकली हे विचारू नका. त्यांच्या मागे राहिलेल्या लेकराची शाळा बघा, शेताला पाणी द्या. खारघरला गेलात तर आधी सर्दी-खोकला नाही ना पाहा, हात धुवा आणि मुलाजवळ बसा. तेवढ्या वेळात आईला झोपू द्या. ती रडली तर अभंग सांगू नका, ऐका.

गोरोबाकाकांच्या अंगणात देव स्वतः आला. या संतीकडे त्याने कोणाच्या पायांनी जावे?

रामकृष्णहरी.