डबा संपला तेव्हा मी कुठे होते?

गेल्या दिवाळीत शॉमबर्गच्या आमच्या घरी मंडळी फराळाला आली होती. निघताना एक मावशी प्रेमानेच म्हणाल्या, "अमेरिका मानवलेली दिसतेय हो तुला!" सगळे हसले, मीही हसले. त्या रात्री घर झोपल्यावर ओट्याशी उभं राहून मी शंकरपाळ्यांचा अख्खा डबा संपवला. चव आठवत नाही. बोटांना डब्याचा तळ लागला, तेव्हा भानावर आले.

आपल्याकडे याला एकच शब्द आहे: हावरटपणा. पण हाव चवीची असते, आणि इथे तर चवच नव्हती. तुमचंही कधी असं झालंय का?

हेदरटन आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली याची एक उकल मांडली. स्वतःला सतत कडक मापाने मोजणाऱ्या माणसाला स्वतःकडे बघणंच असह्य होतं. मग मन आकसून फक्त हात आणि घास एवढ्यावर येतं. 'मी' थोडा वेळ पुसला जातो आणि त्याच्याबरोबर लगामही सुटतो. भान येतं ते दुप्पट लाज घेऊन. म्हणजे पुन्हा पळून जायला कारण तयार!

असं एखाद्या रात्री होणं म्हणजे आजार नव्हे. पण ते आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत राहिलं, खाण्यावर ताबाच राहिला नाही आणि मागाहून स्वतःची किळस वाटत राहिली, तर तो 'बिंज ईटिंग'चा आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार मानलं.

आजार म्हटलं की जबाबदारी संपते का? मला तसं वाटत नाही. फक्त तिची जागा बदलते. डब्याशी उभी असताना मी जवळजवळ नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी होते. शिक्षा म्हणून कडकडीत उपास करायचा, की नेहमीसारखं जेवून कुणाशी तरी मोकळं बोलायचं, हे माझ्या हातात होतं. मी उपास केला. रात्री पुन्हा डबा शोधला.

आणि मावशींचं काय? त्यांना दोष देणार होते. पण परवा लेकीने दुसरी पुरणपोळी मागितली, तेव्हा मी तिच्या पोटाकडे पाहिलं. बोलले काहीच नाही. तिने ताट सरकवलं.

तिच्या हातात मी त्या क्षणी कोणतं माप दिलं, याचा जाब मला कुणी विचारणार नाही. म्हणून तुमच्यासमोर सांगतेय.