बन्यामिनाच्या गोणींतील प्याला

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय ४४



मिसर देशांतून धान्य घेऊन निघालेल्या अकरा भावांना योसेफाच्या कारभाऱ्यानें वाटेंत गांठून त्यांवर चोरीचा आरोप ठेविला. वडिलापासून धाकट्यापर्यंत एकेकाची गोणी उघडण्यांत आली, आणि रुप्याचा प्याला बन्यामिनाच्या गोणींत सांपडला. पुरावा सर्वांदेखत निघाला; तथापि त्या मुलानें चोरी केली नव्हती. प्याला कारभाऱ्यानेंच तेथें ठेविला होता.

आतां आपल्या काळाकडे पाहूं. नागपुरास १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज निघालें, १९२३ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. तेव्हांपासून खेड्यांतील कितीएक आईबापांनी बैल विकून, शेत गहाण टाकून मुलांस तेथें शिकावयास धाडिलें आहे. समजा, अशा एका मुलाच्या बाकाखालीं परीक्षेच्या वेळीं चिठ्ठी सांपडली. पर्यवेक्षकानें उत्तरपत्रिका काढून घेतली. सायंकाळीं ती वार्ता गांवीं पोंचते, आणि पारावरच निकाल लागतो. चिठ्ठी त्याची कीं मागच्या बाकावरून पडलेली, हें कोणी विचारीत नाहीं.

कॉपी करणें ही चोरीच होय. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्याचा हक्क तींत चोरला जातो. १९९९ सालीं ह्याच विद्यापीठांत गुण वाढवून देण्याचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हां प्रामाणिक मुलांच्या गुणपत्रिकांकडेही लोक संशयानें पाहूं लागले. अशा गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रांत १९८२ सालींच कायदा झाला होता.

परंतु चौकशीविना शिक्षा हाही अन्यायच. उत्तर प्रदेशांतील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ सालचा निकाल, त्यांचें कांहींएक ऐकून न घेतां, रद्द करण्यांत आला होता. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, त्यांस आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावयास हवी होती. निकदेमानेंही परूश्यांस हेंच विचारिलें होतें : मनुष्याचें ऐकल्यावांचून आपलें नियमशास्त्र त्याला दोषी ठरवितें काय?

तर ज्यावर आरोप येईल त्यानें घाबरून पळूं नये. आरोप लेखी मागावा, उत्तर लेखी द्यावें, न वाचलेल्या कागदावर सही करूं नये. आणि दोष खरोखर घडला असेल, तर तो झांकण्यासाठीं दुसरें असत्य रचूं नये. एक वर्ष गेलें तर पुन्हा परीक्षेस बसतां येतें, पण असत्याचें ओझें जन्मभर वाहावें लागतें.

उपदेशक बंधूंनो, तुमचें काम काय? यहूदाकडे पाहा. प्याला निघाल्यावर तो बन्यामिनाला सोडून घरीं गेला नाहीं. देवानें आपल्या दासांचा अपराध शोधून काढिला आहे, असें तो म्हणाला. कारण एका भावाला पूर्वीं विकिल्याचें पाप त्याच्या स्वतःच्या पदरीं होतें. मग तो पुढें झाला आणि मुलाच्या ऐवजीं मला दास करून ठेवा, असें विनवूं लागला. त्या रात्रीं तुम्हीही पाराकडे न जातां त्या मुलाच्या घरीं जा. आईजवळ बसा. मुलाला एकांतीं विचारा, तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐका, आणि चौकशीच्या दिवशीं त्याच्याबरोबर नागपुरास जा. तो निर्दोष असो वा दोषी, वाटेंत त्याला एकटें सोडूं नका.

आपणां प्रत्येकाची गोणी एक दिवस उघडली जाणार आहे. त्या दिवशीं आपली बाजू घेणारा कोणी असावा, असें कोणाला वाटणार नाहीं? आमेन.