टेबल कोण फिरवतं?

भौतिकशास्त्राची सार्वजनिक व्याख्यानं आता बंद करावीत, असं मत एका नामवंत प्राध्यापकांनी गेल्या वर्षी एका परिसंवादात मांडलं. सभागृहात बसलेल्या बऱ्याच शिक्षकांनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं असं, की भौतिकशास्त्र गणितातच बोलतं. गणित वगळून ते मुलांना, शिक्षकांना, पालकांना ‘सोपं करून’ सांगितलं की ऐकणाऱ्याला समजल्याचा भास होतो आणि हा भास अज्ञानापेक्षा वाईट. ज्याला खरंच शिकायचंय त्याने पुस्तक उघडावं, गणितं सोडवावीत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवण्यासाठी जमण्यात काही अर्थ नाही.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि तालुक्याच्या गावांमधून, शाळांच्या पटांगणांवर, वाचनालयांच्या वरच्या मजल्यांवर अशी व्याख्यानं देत आलो. त्यामुळे हा हल्ला मला लागला, हे उघड आहे. पण लागला म्हणून मी लिहीत नाही. या मतामागचा एक समज मला धोक्याचा वाटतो. ज्ञान आधी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातच ते फिरावं, इतरांनी दाराशी उभं राहावं, हा तो समज. आपल्या समाजाने हे दार पुष्कळ शतकं बंद ठेवलेलं आहे. ते पुन्हा लावण्याची भाषा कोणी विद्वत्तेच्या नावाने केली, तर गप्प बसता येत नाही.

आधी गणिताचं पाहू. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा. 1812 साली त्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडे चार व्याख्यानं ऐकून आला, टिपणं घेतली, ती आकृत्यांसह पुन्हा स्वच्छ लिहिली, स्वतः बांधली आणि ते बाड डेव्हीला पाठवलं. 1813 च्या मार्चमध्ये तो तिथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. 1831 साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधून काढलं. आज आपल्या घरात येणारी बहुतेक वीज त्याच तत्त्वावर चालणाऱ्या जनित्रांतून येते. या माणसाला बीजगणितदेखील धड येत नव्हतं. 1857 साली त्याने तरुण मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं, की गणिती मंडळी आपले निष्कर्ष साध्या भाषेत, माझ्यासारख्याला प्रयोग करून पाहता येतील अशा रीतीने का मांडत नाहीत? मॅक्सवेल हा त्या काळातला पहिल्या प्रतीचा गणिती. पण चुंबकाभोवतीचं बल दाखवण्यासाठी फॅरडेने कल्पिलेल्या बलरेषांना त्याने अडाण्याची चित्रं म्हटलं नाही. फॅरडेची विचार करण्याची रीतही गणितीच आहे, फक्त ती नेहमीच्या चिन्हांत मांडलेली नाही, असं त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवलं. समीकरणं नंतर आली, आणि ती यायलाच हवी होती. पण ती ज्या कल्पनेवर उभी राहिली ती कल्पना एका सार्वजनिक व्याख्यानाच्या श्रोत्याची होती.

गणिताशिवाय काय समजू शकतं, याचं उदाहरण दिवाळीत घरोघरी उपलब्ध आहे. मुलांना विचारा, ज्योतीची सावली पडते का? बहुतेक जण नाही म्हणतात. जी स्वतः उजेड देते तिची सावली कशी पडेल? मग भर उन्हात पणती लावा आणि ज्योतीमागे पांढरा कागद धरा. कागदावर फिकी पण स्पष्ट सावली दिसते आणि ज्योतीचा जो भाग सगळ्यात तेजस्वी, पिवळा, त्याचीच सावली सगळ्यात गडद पडते. मुलं चक्रावतात. आता त्याच पिवळ्या भागात थंड चमचा धरा, त्यावर काजळी धरते. म्हणजे तिथे कार्बनचे घन कण आहेत. ते तापून पिवळे चमकतात म्हणून ज्योत उजळ दिसते, आणि तेच कण सूर्याचा प्रकाश अडवतात म्हणून सावली पडते. फॅरडेने मुलांसाठी दिलेल्या मेणबत्तीवरच्या सहा व्याख्यानांत हे दाखवलं होतं, 1860-61 च्या नाताळात. यात एकही समीकरण नाही. पण कारण आहे, पुरावा आहे आणि आधीचा समज मोडल्याची स्पष्ट जाणीव आहे. याला भास म्हणायचं असेल तर समज कशाला म्हणायचं, हे प्राध्यापकांनी सांगावं.

आपल्याकडचाही एक दाखला आहे. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी 1876 साली कलकत्त्यात लोकवर्गणीतून एक संस्था उभी केली, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या धर्तीवर. तिथे वर्षानुवर्षं लोकांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होत राहिली, मूळ संशोधन मात्र फारसं होईना. सरकारांना याची खंत होती आणि 1904 साली ते गेले. तीन वर्षांनी सरकारी हिशेबखात्यातला एक तरुण अधिकारी त्या इमारतीत आला आणि कचेरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात तिथल्या उपकरणांवर काम करू लागला. चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळवून देणारा शोध 1928 साली त्याच संस्थेत लागला. व्याख्यानांसाठी दार उघडं ठेवलेलं होतं, म्हणून त्याला आत येता आलं.

इथवर मी वकिलासारखा बोललो. पण आमच्या प्राध्यापकांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, तो त्यांनी मांडला नाही. तो फॅरडेनेच दिलेला आहे, आणि तो वाचल्यापासून व्याख्यानांबद्दलचा माझा विचार पूर्वीसारखा राहिलेला नाही.

1853 साली लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं. चार माणसं टेबलाभोवती बसत, त्यावर हात ठेवत आणि थोड्या वेळाने टेबल आपोआप सरकू लागे. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे चुंबकत्व, कोणी आत्मे, कोणी सैतान. आपल्याकडे प्लँचेट करणाऱ्या पिढ्यांना हे काही वेगळं सांगायला नको. यात सामील असलेली माणसं अडाणी नव्हती. शिकलेली, प्रतिष्ठित, विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला येणारी ही माणसं होती. फॅरडे जवळजवळ तीस वर्षं ज्या समाजापुढे प्रयोग करून दाखवत होता, तोच समाज आता त्याला पत्रं पाठवून विचारत होता, की टेबलात कोणती वीज आहे?

फॅरडेने त्यांची टर उडवली नाही. ज्यांच्या हाताखाली टेबल फिरतं अशी प्रामाणिक माणसं त्याने निवडली. एकमेकांना हलकेच चिकटवलेल्या पुठ्ठ्यांची चळत टेबलावर ठेवली आणि सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर त्यांना हात ठेवायला सांगितलं. जोडणारा लगदा इतका मऊ, की थोड्या जोरानेही पुठ्ठे सरकावेत. आता टेबल स्वतः फिरत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि वरचे मागे राहतील. हात ढकलत असतील तर वरचा पुठ्ठा पुढे जाईल. टेबल सरकलं. पुठ्ठे तपासले, तर वरचे पुढे गेलेले होते. हात ढकलत होते आणि हातांच्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

तो तिथेच थांबला नाही. दोन फळ्यांमध्ये काचेचे रूळ ठेवून त्याने एक साधं यंत्र केलं आणि त्याला वाळलेल्या गवताच्या काडीचा काटा जोडला. वरची फळी जराशी जरी सरकली, तरी काटा झुकायचा. काटा बसणाऱ्यांपासून झाकलेला असला की टेबल पूर्वीसारखंच फिरे. त्यांच्यासमोर उघडा ठेवला, की आपण ढकलतोय हे त्यांना लगेच दिसे, हातांचा दाब आपोआप सरळ खाली येई आणि टेबल जागचं हलत नसे. माणसं तीच, टेबल तेच, श्रद्धाही तीच. फक्त आपल्याच हाताची हालचाल डोळ्यांसमोर आली होती.

‘टाइम्स’मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, तरी वेड ओसरलं नाही. पुढच्या वर्षी, 1854 मध्ये, राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट अध्यक्षस्थानी असताना फॅरडेने मनाच्या शिक्षणावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्याने सांगितलं, की लोकांची खरी उणीव माहितीची नाही, निवाडा करण्याच्या शक्तीची आहे. आपल्याला जे हवंसं वाटतं त्याचा पुरावा आपण उत्साहाने स्वीकारतो आणि नकोशा गोष्टीचा टाळतो. निर्णय लांबणीवर ठेवणं ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती कोणी शिकवत नाही.

ज्याच्या व्याख्यानांना लंडन लोटायचं, त्या माणसाचा हा निष्कर्ष. इतकी वर्षं प्रयोग पाहूनही लोकांना परीक्षा करणं जमलं नव्हतं. पाहणं त्यांना जमलं होतं.

म्हणून प्राध्यापकांचा निम्मा आरोप मी मान्य करतो. आज ज्या पद्धतीची व्याख्यानं सर्रास होतात, त्यांना तो लागू पडतो. पडद्यावर कृष्णविवराचं झगमगतं चित्र, मग महास्फोट, मग समांतर विश्वं. मुलं आ वासून पाहतात, पालक फोटो काढतात. हे आपल्याला कसं कळलं, कोणत्या मोजमापावरून, आणि चुकत असेल तर कसं कळेल, हे कोणी सांगत नाही. अशा थक्क झालेल्या श्रोत्याला दुसऱ्या दिवशी कोणी ‘क्वांटम ऊर्जे’ने सांधेदुखी बरी करतो म्हणाला, तर त्याच्याकडे बचावाचं काही साधन नसतं. दोन्ही ठिकाणी शब्द तेच, थक्क होणंही तेच. व्याख्यात्याने फक्त थक्क केलं असेल, तर त्याने भोंदूचं गिऱ्हाईक तयार केलं, असं मी स्पष्ट म्हणेन.

पण म्हणून दार लावायचं नाही. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत आली आहेत. संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्याभोवती मुलं स्वाक्षरीसाठी गर्दी करत. ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल, असं सांगत आणि ते शब्द पाळत. ज्याला सही हवी त्याला आधी प्रश्न सुचावा लागे.

याच नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 2008 साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना पाठवल्या. कोणती कोणत्या गटातली ते त्यांनी ओळखायचं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांचे निर्णय पाठवले. बरोबर आले ते सुमारे 46 टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण पन्नास आली असती. फॅरडेचा गवताच्या काडीचा काटा आणि ही चाचणी एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हींत शिवीगाळ नाही, उपदेश नाही. दावा करणाऱ्याच्या समोर काटा ठेवला आहे आणि त्याच्याकडे त्यालाच पाहायला सांगितलं आहे. आणि नववीतल्या मुलाला ही चाचणी पूर्ण समजते. तिच्यातलं संख्याशास्त्र पुढे शिकता येतं.

असं व्याख्यान द्यायला वक्ता हवाच, पण त्याहून अधिक आयोजक हवा. आपल्याकडे दीड तासाच्या कार्यक्रमातला अर्धा तास दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ यांत जातो. मग वक्ता घाईने बोलतो आणि शेवटी सूत्रसंचालक सांगतो, वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ. ते दोन प्रश्नही पुढच्या रांगेतले ज्येष्ठ विचारतात. मागच्या रांगेतली मुलगी हात वर करून खाली घेते. पालक बाहेर पडताना विचारतात, हे जेईईला येतं का? त्यांचा राग मला येत नाही. परीक्षेपलीकडे या विषयाचा उपयोग काय, ते आपण त्यांना कधी दाखवलेलंच नाही.

तेव्हा ज्यांच्या हातात येत्या 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाचं नियोजन आहे, त्या मुख्याध्यापकांना आणि वाचनालयांच्या कार्यवाहांना माझी विनंती आहे. सत्कार वगळा. वक्त्याला आधीच कळवा, की टेबलावर एक तरी खरी वस्तू आणा आणि प्रयोग करण्यापूर्वी मुलांकडून अंदाज वदवून घेऊन फळ्यावर लिहा. अर्धा वेळ प्रश्नांना ठेवा आणि पहिले दहा प्रश्न विद्यार्थ्यांचेच घ्या. उत्तर ठाऊक नसेल तर वक्त्याने तसं सांगावं, आणि तसं सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.