सुरीच्या आधीचा प्रश्न



काही प्रश्न इतके लहान दिसतात की ते विचारताना माणूस संकोचतो. गेल्या पावसाळ्यात असरच्या नमाजनंतर मकतबमधला एक दहा वर्षांचा मुलगा गावठी कोंबडी छातीशी धरून मशिदीच्या फाटकाशी उभा होता. कोंबडीने दोन दिवस दाणा टिपला नव्हता. मान आत ओढून, पिसे फुलवून ती गप्प होती. मुलगा म्हणाला, "मौलाना, दादी म्हणते, मरायच्या आत हलाल करून आण." मग हळूच त्याने विचारले, "पण हिला आधी औषध दिलं तर चालेल का?"

पहिल्या गोष्टीचे उत्तर मला पाठ होते. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या कळपातील एक बकरी मरणपंथाला लागली, तेव्हा त्यांच्या दासीने धारदार दगडाने ती जबह केली. प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले असता त्यांनी ते मांस खाण्यास अनुमती दिली (बुखारी). जनावरात प्राण असताना विधिवत जबह झाले तर ते हलाल आहे. मी तसे सांगितले आणि सुरी आणायला उठलोही. दारापर्यंत गेल्यावर ध्यानात आले की मुलाचा खरा प्रश्न दुसरा होता, आणि तो तसाच राहिला होता.

तो प्रश्न असा: ज्या जिवाला खाण्याची मुभा अल्लाहने दिली आहे, त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपल्यावर आहे काय? आज ना उद्या ताटातच यायचे, तर औषधपाण्याची यातायात कशाला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण एका गोष्टीची अनुमती मिळाली म्हणून दुसरे कर्तव्य संपत नाही.

मांजरीला बांधून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे (बुखारी, मुस्लिम). तिने मांजरीला स्वतः अन्न दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खायला मोकळेही सोडले नाही. या हदीसमध्ये दोन्ही वाटा सांगितल्या आहेत, हे लक्षात घ्या. पृथ्वीवरील प्रत्येक जिवाच्या रिज्कची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतल्याचे सूरह हूदमध्ये (आयत 6) सांगितले आहे. मात्र ज्या जिवाला आपण खुराड्यात कोंडतो, त्याचे रिज्क आपल्या हातून जाते. आजारी कोंबडी तर दार उघडे असूनही कोंडलेलीच असते. तिला उकिरडा उकरता येत नाही आणि दुखणे सांगताही येत नाही.

हिजरी 660 मध्ये निधन पावलेले थोर विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क मोजून सांगितले आहेत. त्यांत एक हक्क असा की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन त्याच्यापासून काहीच लाभ उरला नाही, तरी मालकाने त्याच्या पोषणाचा खर्च करावा. अंडी देणे थांबले म्हणून मालकी संपत नाही, आणि मालकी आहे तोवर अमानत आहे.

यावर कुणी म्हणेल, माणसे उपाशी असताना कोंबडीवर पैसे उधळावेत काय? उधळू नयेत. आपल्या ऐपतीप्रमाणे आणि जनावराच्या गरजेप्रमाणे करावे. यात बहुतेकदा पैशांपेक्षा लक्ष अधिक लागते. कोंबडीच्या गळ्याखाली, छातीशी अन्न साठवणारी एक पिशवी असते. रात्रभर विसावल्यावर सकाळी ती रिकामी लागली पाहिजे. ती दगडासारखी कठीण लागली, तर पेंढा, लांब गवत किंवा सुतळी अडकलेली असू शकते. अशा वेळी कोंबडीला वेगळे ठेवावे, दाणा बंद करून स्वच्छ पाणी द्यावे, चोचीच्या कडेने तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत आणि ती पिशवी हलक्या हाताने चोळावी. ती मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागली आणि तोंडाला आंबट वास येत असला, तर आत अन्न आंबले आहे. अनेक जण तिला उलटी धरून ते पाणी काढू पाहतात. तसे करू नये, कारण ते श्वासनलिकेत गेले तर कोंबडी गुदमरते. विष्ठा हिरवी, पातळ असेल वा तीत रक्त दिसले, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मानमोडीसारखा रोग असल्यास शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनाही धोका असतो. अशी कोंबडी सांगितल्याविना आठवडी बाजारात विकणे म्हणजे उघड फसवणूक होय.

मुलाच्या कोंबडीची पिशवी कठीण होती. त्याने तीन दिवस तिची सेवा केली. चौथ्या दिवशी तो पुन्हा आला आणि म्हणाला, "मौलाना, आता तिला फार दुखतंय." पशुवैद्यांनी तपासून सांगितले की ती वाचणार नाही. मांस खाण्यास हरकत नाही, असेही ते म्हणाले. प्रत्येक कृत्य उत्तम रीतीने करावे, जबह करतानाही सुरीला धार लावून जनावराला आराम द्यावा, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा आहे (मुस्लिम). मी सुरीला धार लावली. मुलाने कोंबडीला पाणी पाजले आणि किब्ल्याकडे तोंड करून धरले. त्या रात्री तो जेवायला बसला, पण मांस त्याने घेतले नाही. दादींनीही आग्रह केला नाही.

विचार करा. तीच कोंबडी, तीच सुरी, तेच 'बिस्मिल्लाह'. पहिल्या दिवशी जबह झाले असते, तरी मांस हलालच होते. पण त्या दिवशी घाई नुकसान टाळण्याची होती, आणि चौथ्या दिवशी तिची यातना थांबवण्याची. फतवा दोन्ही दिवशी एकच राहिला असता. आमालनाम्यात मात्र ते दोन दिवस सारखे लिहिले गेले नसते, कारण कर्मांचा आधार हेतूवर आहे.

तुमच्या अंगणात एखादी कोंबडी पिसे फुलवून बसलेली दिसली, तर सुरीकडे हात जाण्यापूर्वी स्वतःला विचारा: ही घाई तिच्या दुखण्यासाठी आहे की माझ्या हिशोबासाठी? अल्लाह आपल्याला मुक्या जिवांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.