समेट कोणासाठी?

मी समुपदेशक आहे. माहेर सांगलीचं, संसार आणि काम चेन्नईत. नवऱ्याचा मार खाणारी बाई समोर येऊन बसते, तेव्हा माझ्या मनात एक ओढ असते : या दोघांचं जुळावं. ही ओढ तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी?

जोडपं एकत्र घरी गेलं की काम फत्ते झाल्यासारखं मला वाटतं. ती वेगळी राहू लागली की रुखरुख लागते. हा हिशेब माझा आहे, तिचा नाही.

दोघांना समोरासमोर बसवलं की प्रश्न तिला विचारला तरी ती आधी त्याच्याकडे बघते. पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि ‘परवाइल्लै’, चालतंय, म्हणते. इथे खरं बोलल्याची किंमत रात्री तिलाच मोजावी लागणार असते. मग अशा बैठकीत मी नेमकं काय ऐकते?

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १४ दोघांना एकेकटं किंवा एकत्र समुपदेशनाला पाठवण्याची मुभा न्यायदंडाधिकाऱ्यांना देतं. पण २००६ चे नियम स्पष्ट आहेत : पुन्हा हात उचलणार नाही अशी हमी त्याने द्यायची, आणि झाल्या मारहाणीचं समर्थन करायचं नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे तिथे चालत नाही. मारात तिचा वाटा किती, हे शोधणं माझं काम नव्हे.

तरीही कित्येकींना नवरा हवा असतो, मार नको असतो. त्यांना संसार मोडायला सांगणारी मी कोण? त्याने बदलावं, त्यासाठी त्याला मदतही मिळावी, पण वेगळी. तो सुधारेपर्यंत तिने सोसत राहायचं, हा उपचार नव्हे.

किलपॉकच्या सरकारी रुग्णालयातला जळीत विभाग या शहराला ठाऊक आहे. पीसीव्हीसी ही संस्था भाजलेल्या बायकांना पुन्हा उभं राहायला मदत करते. ‘जरा सांभाळून घे’ या सल्ल्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, हे तिथे कळतं.

म्हणून तिला एकटीला आधी विचारायचं : घरी जायची भीती वाटते का? ‘हो’ म्हणाली, तर आधी संरक्षण, निवारा, हातात पैसा. समेटाचं नंतर, आणि तोही तिला हवा असेल तरच. तिने नको म्हटलं, तर ते मला माझं अपयश वाटता कामा नये.