अंगावरून जातं

'अंगावरून जातं' हे वाक्य मी पंचवीस वर्षं रोज ऐकते आहे. कुठे त्याला धुपणी म्हणतात, कुठे नुसतंच पांढरं. बाई खाली बघत ते बोलते आणि सोबत आलेली सासूही मान डोलावते, कारण ही तक्रार करायची बाईला मुभा आहे. म्हणून ज्यांना मुभा नाही असे प्रश्नही याच वाक्याच्या पदराआड येऊन बसतात. सासूला बाहेर थांबायला सांगितलं आणि आपण थोडं गप्प राहिलो, की ते बोलू लागतात. संबंधाच्या वेळी आग होते. लग्नाला आठ महिने झाले, अजून 'ते' जमलेलंच नाही. मिस्टर जवळ आले तरी मला काहीच वाटत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?

गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांना तपासून डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के जणींना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. तक्रार मात्र ५५ टक्के जणींचीच होती. बाकीच्यांनी दुखणं हाच बाईचा जन्म असं धरलं असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो. त्या ६५०पैकी याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

तीस वर्षांनी बीड जिल्ह्यातून दुसरा आकडा आला. २०१९च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कित्येकजणी पोटदुखी किंवा अंगावरून जाण्याची तक्रार घेऊनच दवाखान्याची पायरी चढल्या होत्या. त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली आणि 'पिशवी काढून टाका' असं सांगितलं गेलं. पिशवीबरोबर बीजांडंही गेली, तर रजोनिवृत्ती एकदम ओढवते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, योनी कोरडी पडते आणि संबंध नकोसा होतो. तो नकोसा का झाला, हे त्या बाईला बहुधा कुणीच सांगत नाही.

खरं तर यातल्या बऱ्याच प्रश्नांना साधी उत्तरं आहेत. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पातळ, ताणला जाणारा स्राव हा आजार नव्हे. खाज, दुर्गंधी, दह्यासारखं जाणं असेल तर तपासून घ्यावं, आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तेच पुन्हा मागे लागतं. संबंधात दुखणं सोसायचं नसतं. त्यामागे संसर्ग असेल, कोरडेपणा असेल, किंवा भीतीने आवळले जाणारे स्नायू असतील. त्या आवळण्याला योनिआकर्ष म्हणतात आणि तो धीराने, सरावाने बरा होतो. पहिल्या रात्री रक्त येतंच असं नाही, आणि योनिपटल तपासून कौमार्य ठरत नाही, कुणाचंच.

'काहीच वाटत नाही' याचं उत्तर सांगताना माझ्या तरुण सहकारी अजून अडखळतात. बाईच्या सुखाचा मुख्य अवयव शिश्निका. बाहेर दिसतो तो तिचा लहानसा टोकाचा भाग, बाकीची आत पसरलेली असते. ही रचना ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या शल्यविशारद बाईंनी १९९८ साली नीट मांडून दाखवली, इतक्या उशिरा! नुसत्या समागमाने बहुसंख्य स्त्रियांना परमसुख मिळत नाही. तेव्हा कमी आहे ती माहितीत, बाईत नाही. आपल्या बोलीत त्रासासाठी बाईकडे डझनभर शब्द आहेत. या सुखासाठी मात्र चारचौघींत उच्चारता येईल असा एक शब्दही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

र. धों. कर्व्यांना हे प्रश्न प्रश्न म्हणूनच दिसले. वाचकांच्या लैंगिक शंकांना 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात उत्तरं छापल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरोधात गेला, दंड झाला, आणि कर्वे १९५३मध्ये मरेपर्यंत मासिक काढत राहिले. एका ग्राहकाच्या शंकेला उत्तर देणं हे कोर्टात जाऊन भांडण्याइतकं मोलाचं काम आहे, असं मानणारी ती माणसं होती.

मध्यंतरी अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. अंगावरून जातं, म्हणाल्या. तपासलं तर उलट कोरडेपणाच होता. पाळी गेल्यापासून संबंधात चिरल्यासारखं होतं, आणि 'ह्यांना नाही म्हणवत नाही, मलाही हवं असतं,' हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला पुढे वाकावं लागलं. त्यांना लावायचं इस्ट्रोजेनचं मलम लिहून दिलं. मेडिकलवाल्या पोराला काय सांगू, असं विचारत होत्या. दोन महिन्यांनी त्या परत आल्या, सोबत जाऊबाईंना घेऊन. 'हिला मी सगळं सांगितलंय,' म्हणाल्या. जाऊबाईंनी खुर्ची पुढे ओढली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मलाही अंगावरून जातं, डॉक्टर."