लाडूची दोरी

रिंगणात पाऊल टाकल्याबरोबर लाडूने माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि गोल गोल फिरायला सुरुवात केली. एवढी माणसं जमली आहेत ती आपल्याशी खेळायलाच, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या पिल्लाच्या पाठीवर उडी, मागच्यावर भुंकणं, मधेच गवतावर लोळण. बाकीची तीन पिल्लं शहाण्या मुलांसारखी उभी. परीक्षक लांबून पाहत होते, बाहेर खुर्च्यांवर बसलेले लोक हसत होते आणि माझे कान तापले होते. त्याच तापात मी हातातली दोरी खसकन वर ओढली. पट्टा गळ्याशी आवळला, लाडूचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. एकदा केकाटून तो गप्प झाला. मग चांगला चालला. अगदी सरळ.

तो सरळ चालला हेच मला अजून टोचतं.

लाडू म्हणजे मुलाचा बीगल, तेव्हा पाच महिन्यांचा. मुलगा गच्चीबावलीला नोकरी करतो, शोची हौस त्याची. ऐन दिवशी तो तापाने पडला. नाव नोंदवलेलं, पैसे भरलेले. ‘आई, तू फक्त दोन फेऱ्या मार,’ म्हणाला. माझ्या सोलापूरच्या माहेरी कुत्रं पायरीच्या वर येत नसे; आजी पहिली पोळी बाजूला काढायची, ती लांबून टाकायची. तीस वर्षं हैदराबादेत काढून मी त्या पायरीवरून कुठे येऊन पोचले, असं मनात म्हणतच गेले.

ज्यांनी असा शो पाहिला नाही त्यांना सांगते. तिथे आपापल्या जातीची कुत्री दोरीने धरून गोल चालवतात. मग एकेकाला सरळ नेऊन परत आणायचं. लहान जातीच्या कुत्र्याला टेबलावर उभं करतात. परीक्षक दात पाहतात, पाठ चाचपतात, छाती मापल्यासारखी करतात. चारही पाय चौकोनात, मान वर, शेपूट ताठ असं उभं राहता आलं पाहिजे. परक्याचा हात लागला तरी अंग चोरायचं नाही. हे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे सोलापूरची आमची बैठक आली. ‘जरा चालून दाखव’, ‘वाचून दाखव’, आणि एका पाहुण्या बाईंनी हसत हसत माझी वेणी ओढून पाहिली होती, केस खरे आहेत का म्हणून. मीही तेव्हा शहाण्यासारखीच उभी होते. लाडूची तुलना माझ्याशी करते आहे, कुणाला राग येईल तर येवो.

घरी आल्यावर मी या शोंविषयी थोडं वाचलं. रीतसर भरलेला पहिला डॉग शो १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला झाला म्हणतात. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती होत्या आणि बक्षीस होतं बंदुकांचं. म्हणजे मुळात हा सगळा थाट पारधीच्या अंगणातला! आपल्याकडेही मुधोळच्या घोरपड्यांनी जी कुत्री नावारूपाला आणली ती शिकारीचीच. पुढे २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड आहे. तिकिटावर तो फार ऐटीत उभा आहे.

पण मला छळत होतं ते वेगळंच. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले आणि तत्त्वार्थसूत्रातले अहिंसाव्रताचे पाच अतिचार आठवले. लहानपणी पाठशाळेत घोकलेले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं अडवणं. वध म्हणजे इथे जीव घेणं नाही, काठीचाबकाने मारणं. आणि बंध म्हणजे जनावराला त्याच्या मनाजोगत्या जागी जाऊ न देणं, असा अर्थ पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत आहे. लहानपणी वाटायचं हे सगळं गाडीवान नि टांगेवाल्यांसाठी लिहिलेलं आहे, आपला काय संबंध? आता बोटं मोजायला लागले. दोरी होतीच. हिसका दिला. मुलाच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, म्हणजे खाऊच्या आशेने ऐकेल. ते आम्ही इमानाने पाळलं होतं. छेद आमच्या हातून झाला नाही, पण शेजारच्या रिंगणात कान कापून ताठ केलेला डॉबरमन उभा होता आणि ‘किती रुबाबदार’ असं मीच म्हटलं होतं. राहिलं ओझं. पाच किंवा सहा किलोच्या त्या जिवावर आम्ही घराची अब्रू ठेवली होती.

क्रोध म्हणावा तर मला लाडूचा राग आला नव्हता. चार कषायांतला तो मान होता. लोक हसत होते ना.

तुम्ही म्हणाल, मग दोरी सोडूनच द्यायची का? हैदराबादच्या रस्त्यावर पाच महिन्यांचं पिल्लू मोकळं सोडलं तर पहिल्या ऑटोखाली जाईल. त्याला अडवणं हा दयेचाच भाग आहे, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती हाताबद्दल. तीच दोरी, तोच हात; रस्त्यावर तो त्याच्यासाठी ओढतो आणि रिंगणात माझ्यासाठी. पिल्लाच्या गळ्याला यातला फरक कळत असेल का? पुष्कळ विचार केला, मला नाही वाटत कळत असेल. फरक फक्त मला कळतो, आणि म्हणूनच जबाबदारी माझी.

त्या दिवशी रिंगणाबाहेर एक म्हातारे गृहस्थ भेटले, चाळीस वर्षं कुत्री पाळणारे, जुन्या शहरातले. लाडूकडे पाहून म्हणाले, “अम्मा, सोने दो उसको. बच्चा है, थक के मस्ती करता.” मला वाटत होतं अंगात जास्त जोर आहे म्हणून उड्या मारतो. ते म्हणाले, उलटं आहे. एवढं पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतं. तुम्ही पहाटे उठवून न्हाऊ घातलंत, गाडीत हिंडवलंत, गर्दीत उभं केलंत. आपली मुलं लग्नघरात रात्री अकराला कशी धिंगाणा घालतात, आठवा. आठवलं.

पुढचे दोन महिने मी त्याला आठवड्यातून दोनदा कोंडापूरच्या डॉग पार्कात नेलं, महानगरपालिकेने केलंय त्या. एका वेळी पाच मिनिटं शिकवणी, मग झोप. उडी मारली की मी झाडासारखी उभी राहायची, बघायचं नाही, बोलायचं नाही; चारही पाय जमिनीवर आले की लगेच पनीरचा तुकडा. बाकीचे लोक उकडलेली कलेजी आणतात, खिसा त्याच वासाचा. मला सांगण्यात आलं की पनीरने काम होत नाही. बीगलला सांगितलं नसावं. (मुलाच्या फ्लॅटवर तो अंडं खातो. माझ्या स्वयंपाकघरात नाही. हा प्रश्न मी सोडवलेला नाही.)

याच दिवसांत आणखी एक गोष्ट वर आली. माझी मुलगी सहा वर्षांची असताना पर्युषणात तिला भक्तामर म्हणायला व्यासपीठावर उभं केलं होतं. समोर मैत्रीण दिसली आणि तिला हसू फुटलं, आवरेना. मी मागून जाऊन दंडाला चिमटा काढला. मग तिने सगळं न चुकता म्हटलं, बायकांनी माझं कौतुक केलं. लाडूच्या प्रकारानंतर मी तिला फोन करून विचारलं. “काहीतरीच आई, मला नाही आठवत,” म्हणाली आणि विषय बदलला. विषय फार पटकन बदलला.

जीवंधरकुमाराची कथा आपल्याला माहीत आहे. लोकांनी मारून टाकायला आणलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार म्हटला आणि तो यक्ष झाला. आपण ती मंत्राचा महिमा म्हणून सांगतो. मला आताशा त्यात जीवंधराचं खाली वाकणं दिसतं.

दुसऱ्या शोला मुलगा बरा होता, पण लाडू माझं ऐकतो म्हणून मलाच पाठवलं. त्याला सकाळी जेवू घातलं, गाडीत तास दीड तास झोपू दिलं. रिंगणात अर्धी फेरी सुरेख चालला. मग एका लहान मुलीच्या हातातला फुगा दिसला. त्याने उडी मारली, मी झाडासारखी उभी राहिले. परीक्षकबाई थांबल्या. लोक हसले. पुन्हा उडी. मी उभीच. तिसऱ्यांदा तो खाली आला, माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर नेल्यावर स्वतः होऊन दात दाखवल्यासारखा जांभई दिली.

चार पिल्लांत चौथा नंबर.

परतताना मुलगा मासाब टँक येईपर्यंत काही बोलला नाही. लाडू मागच्या सीटवर झोपला होता. सिग्नलला तो म्हणाला, “आई, दोरी नीट का नाही धरलीस?”

मी म्हटलं, “नीटच धरली होती.”